मिल्ट्रीच्या बोनेटवरचे हात

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागून ठेवतो. ज्यांच्या घरात पुस्तकं असतात त्यांनीच लिहावं, असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरात छापलेलं म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर आणि सरकीच्या पाकिटातून निघणारा बारीक अक्षरांचा कागद. तो कागद मी तिसरीपासून घरादाराला वाचून दाखवायचो. बियाणं किती अंतरावर लावा, कडेनं दुसऱ्या वाणाचे तास लावा, फवारताना तोंड बांधा. सगळे शांतपणे ऐकायचे, मान हलवायचे, आणि मग जे आधीच ठरलेलं असायचं तेच करायचे. त्यामुळे आपलं कोणी मनावर घेईल अशी सवय मला नाही.

शिवाय कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला. वर्गात चुकून 'मले' म्हणालो की मागच्या बाकावर खसखस पिकते, म्हणून मी बोलणं कमी केलं. कागदावर लिहिताना कोणी हसलं तरी आपल्याला ऐकू येत नाही, एवढा एक फायदा आहे. तेवढ्या बळावर लिहितो. विषयही मोठा नाही. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, म्हणजे मोठेबाबांची एक जुनी गाडी, आणि ती वाचवायला निघालो असताना माझ्याच हातून झालेली एक चूक.

गाडी लष्कराची. आजोबांनी ती लिलावात घेतली तेव्हा मोठेबाबांना नुकतंच मिसरूड फुटत होतं. आमच्याकडे अशा लिलावातल्या गाड्यांना 'डिस्पोजल' म्हणतात. पण आमच्या गावात ती एकच होती, म्हणून तिला नावच पडलं 'मिल्ट्री'. चौकोनी तोंड, मागे उघडा हौदा, आणि जमिनीपासून इतकी उंच की म्हातारी माणसं चाकावर पाय देऊन चढत आणि उतरताना कोणाच्या तरी खांद्यावर उतरत. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा आहे. तो ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो, आणि मग ती चिखलातून अशी निघते की जणू तिला चिखल आवडतो.

आमचं गाव जळगाव जामोद सोडून सातपुड्याकडे तोंड केलं की लागतं. डोंगरातून येणारे दोन नाले आमच्या शेतांना कापून जातात आणि मधे सगळी काळी माती. ओली काळी माती ज्यांनी पाहिली नाही त्यांना एवढंच सांगतो, की तिच्यात चप्पल आत राहते आणि पाय बाहेर येतो. वेचणीच्या दिवसांत एखादा अवकाळी पाऊस पडला की बैलगाड्या शेतातच बसायच्या. तेव्हा मिल्ट्री नाल्यापलीकडे जायची आणि सगळ्यांच्या कापसाची गाठोडी हौद्यात घालून आणायची. वर चार-पाच बाया बसायच्या. कापसावर बसून येण्याइतकी मऊ सवारी मी पुढे कुठल्याच गाडीत केली नाही. दहावीच्या परीक्षेला नाल्याला अवकाळीचं पाणी होतं म्हणून आम्ही सातजण तिच्यातूनच गेलो, आणि केंद्रावरचा शिपाई घाबरून उभा राहिला होता. त्याला वाटलं, परीक्षेला बंदोबस्त आला.

अशा पेट्रोलवरच्या जुन्या गाड्यांची आमच्या भागात एकच गत होते. कोणीतरी त्यांचं इंजिन काढून डिझेलचं बसवतो, कोणी हौदा कापून टाकी ठेवतो, आणि चार वर्षांत तिचं तिच्याकडे काही उरत नाही. मिल्ट्री यातून वाचली ती गावातल्या मिस्त्री चाचांमुळे. मोठेबाबा आणि ते एकाच वयाचे. चाचांच्या वडिलांनी तिचं काम केलं, नंतर चाचांनी. त्यांच्याशिवाय तिच्या बोनेटला कोणी हात लावलेला नाही. डिझेलवरून त्यांच्यात झालेलं भांडण मला पाठ आहे, कारण ते दरवर्षी व्हायचं.

"मिस्त्री, टाका ना आता डिझेल. पेट्रोल पिते तं पिते, वरून गुरगुरते," मोठेबाबा म्हणायचे.

"भौ, मानसाचं दिल काढून दुसऱ्याचं बसवलं, तं त्याची बायको तरी वळखीन काय त्याले?"

"माही तं अजून याच दिलाले वळखत नाई."

यावर आतून मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, भाकरी थापता थापता ओरडायची, "दिल असतं तं वळखलं असतं!"

आणि डिझेलचा विषय पुढच्या वर्षावर जायचा.

आता पोळ्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

बीटीची सरकी गावात आली तेव्हा मी पाळण्यात होतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं कापूस असा आला म्हणतात, की ठेवायला घरात जागा नव्हती. माणसं ओसरीत झोपायची आणि कापूस खोलीत. पहिल्याच हंगामात मिल्ट्रीनं इतक्या खेपा केल्या, की पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मोठेबाबांनी बैलांचे खांदे पळसाच्या पानानं तूप-हळद लावून शेकले, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' म्हणून त्यांना आवतण दिलं, आणि उरलेलं तूप घेऊन गाडीकडे गेले. तिच्या पुढच्या लोखंडी पट्टीला ते लावलं आणि तिलाही आवतण दिलं. दुसऱ्या दिवशी ती तोरणाखाली बैलांच्या रांगेत शेवटी उभी. त्यावरून वाद झाला. एक म्हातारे म्हणाले, बैलांच्या सणात लोखंडाचं काय काम? मोठेबाबांनी विचारलं, "काऊन नाई? बैलानं वढलं तेवढं तिनं नाई वढलं काय?" म्हाताऱ्यांचाच कापूस तिनं दोनदा आणला होता, त्यामुळे ते गप्प बसले.

बैलांची शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंट होता. मोठी आईनं त्यात हात बुडवला आणि बोनेटवर पंजा उमटवला, घराच्या दाराला लग्नात उमटवतात तसा. मग ती रीतच पडली. दरवर्षी शिंगांना जो रंग आणला असेल त्याचेच हात. एका वर्षी लाल, एका वर्षी निळा, एकदा दुकानात दुसरं काही नव्हतं म्हणून चंदेरी.

मग गुलाबी अळीचं वर्ष आलं. बोंड वरून धड दिसायचं आणि फोडलं की आत अळी आणि कुजकी सरकी. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, जनावरं सोडली. बीटीला अळी लागत नाही असं मीच कागदावरून वाचून दाखवलं होतं. कोणी मला काही बोललं नाही, तरी मी काही दिवस चावडीवरून न जाता मागच्या गल्लीनं शाळेत गेलो. त्या उन्हाळ्यात गावातल्या बऱ्याच दावणी रिकाम्या झाल्या. मोठेबाबांचीही जोडी गेली. पुढच्या पोळ्याला तोरणाखाली बैल इतके थोडे, की रांग म्हणायचीही लाज वाटावी. मिल्ट्री मात्र होती. आणि त्या दिवशी एक नवीनच गोष्ट झाली. ज्यांच्या दारात बैल उरले नव्हते ती माणसं एकेक करून आली, रंगात हात घातला आणि बोनेटवर ठेवला. नंतर प्रत्येक पोळ्याला ते यायला लागले. काहींनी तर नैवेद्याची पुरणपोळीही आणली, आणि गाडी खात नाही म्हणून ती चाचांनी खाल्ली. "इंजिनले पोचली," असं ते दरवेळी ढेकर देऊन सांगत.

अशी गाडी. आणि मग एक दिवस गावात बातमी आली, की जुन्या गाड्या आता भंगारात जाणार.

मी कॉलेजातून सुट्टीत आलो होतो. मोठेबाबांनी बैल विकले तेव्हा आम्ही त्यांच्या डोळ्यात पाणी पाहिलं नव्हतं. दोर हातात दिला आणि सरळ घरी येऊन चहा मागितला होता. पण त्या दिवशी ते ओसरीत उभेच होते.

"बाबू, खरं हाय काय बे? तुह्या मोबाईलवर पाह्य बरं."

मी पाहिलं. अर्धं खरं होतं. नियम असा होता, की पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, तिचं इंजिन, सांगाडा आणि अंग बदललेलं नसेल, तर ती जतन करायची म्हणून वेगळी नोंद करून ठेवता येते. अर्ज, चारही बाजूंचे फोटो, आणि आरटीओच्या साहेबांची पाहणी. पाहणीत ती अस्सल नाही असं ठरलं, तर मात्र तिच्या जुन्या कागदांची मुदत संपल्यामुळे तिला दारात ठेवण्यापुरताही आधार उरणार नव्हता. मी हे सगळं हळूहळू वाचून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाचलेलं सगळ्यांनी मनावर घेतलं.

मोठेबाबा म्हणाले, "मंग तूच कर बाबू. हे गेली, तं पोळ्याले मी कोनाचं तोंड पुसू?"

चाचा म्हणाले, "डरायचं काम नाई. बोल्टसुद्धा कंपनीचा हाय. कालेजवाले, तू फकस्त कागद सांभाळ."

मी कागद सांभाळले. अर्ज भरला, खाडाखोड न करता. तालुक्याला महिन्यातून एकदा गाड्या तपासायचा कॅम्प असतो, त्यातली तारीख मिळाली. दसऱ्यानंतरची. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही.

चूक झाली ती मोठी आईच्या एका वाक्यानं, पण तिला दोष देता येणार नाही. ती म्हणाली, "पोरीले पाहाले पावणे येते तं आपन भिंतीले चुना मारतो. अन् हिले काय अशीच दाखवता?"

आम्ही सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं, आणि प्रत्येकाला एकदम लाज वाटली. बोनेटवर वीस वर्षांचे हातांवर हात, रंगांचे पापुद्रे सुटलेले, मधेच एक चंदेरी पंजा. साहेब काय म्हणतील? आमच्याकडे कोणी मोठं माणूस येणार असेल तर आधी रंग लागतो. शाळेत तपासणी असली की शाळेला, मंत्री येणार असला की पुलाच्या कठड्याला. यात दुसरा काही विचार असू शकतो हे आमच्यापैकी कोणाच्या मनातच आलं नाही. आणि ज्याच्या मनात यायला हवं होतं तो मी, दुकानात रंगाचे डबे निवडत होतो.

चाचा म्हणाले, "रंग हे माहं खातं नाई. मी मशीनचा मानूस." तरी त्यांनी हिरव्यात थोडा काळा आणि थोडा गेरूसारखा तांबडा घालून लष्कराच्या रंगाजवळ जाणारं काहीतरी करून दिलं. दसऱ्याच्या आधी दोन दिवस मी आणि मोठेबाबा ब्रश घेऊन उभे राहिलो. घट्ट दोन हात दिले. बोनेट, दारं, हौदा, चाकांच्या वाट्या. मला इतका हुरूप आला, की रंग उरला तेव्हा मी आत शिरलो आणि स्टिअरिंगसमोरची पाटी, जिच्यावर इंजिनाचा आणि सांगाड्याचा नंबर कोरलेली पितळी पट्टी आहे, तीही हिरवी करून टाकली. पट्टी काळी पडली होती, बरी दिसत नव्हती.

मिल्ट्री चमकायला लागली. शेजारची म्हणाली, "अगो बाई, नवीन घेतली काय?" ते ऐकून आम्ही सगळेच खूश झालो. खूश! आता आठवलं की कान गरम होतात.

कॅम्पला गाडी गेली ती थाटात. मोठेबाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, चाचांनी टोपी बदलली होती. मी फाइल छातीशी धरली होती. मैदानात नव्या पिकअप आणि ट्रॅक्टरच्या रांगा, त्यात आमची हिरवीगार उंच गाडी. लोक फोटो काढायला आले. मग साहेब आले. मध्यम वयाचे, शांत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि दारावर नखानं हळूच ओरखडा काढला. नखात हिरवा रंग आला.

"हे कधी केलं?"

"दसऱ्याच्या पयले, साहेब," मोठेबाबा अभिमानानं म्हणाले. "दोन हात देले."

"लष्कराचा नंबर कुठाय? बोनेटच्या बाजूला असतो, बाण काढलेला."

मोठेबाबांनी चाचांकडे पाहिलं, चाचांनी माझ्याकडे.

"खाली आहे, साहेब," मी म्हणालो.

"कशाच्या खाली?"

"रंगाच्या."

साहेबांनी दार उघडून आत पाहिलं. पाटी हिरवी. ते काही रागावले नाहीत, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटलं. ते म्हणाले, "अहो, माझ्याकडे जुन्याच्या नावाखाली जोडून-जोडून केलेल्या गाड्या येतात. त्या सगळ्या अशाच दिसतात. ही अस्सल असेलही, पण मला दिसायला नको का? अर्ज मी परत करत नाही. पुढच्या महिन्याच्या कॅम्पला आणा. नंबर, पट्टी आणि मूळ रंग दिसला पाहिजे. नाही दिसला तर माझा इलाज नाही."

आम्ही परत निघालो. अर्ध्या वाटेत मी म्हणालो, "पट्टी मीच रंगवली." मोठेबाबा समोर पाहत म्हणाले, "मले मालूम हाय बे. मीच ब्रश देला ना तुले." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

चाचांनी सॅंडपेपर आणला, पण सॅंडपेपर रंगाबरोबर खालचंही खातो. दुकानातलं रंग उतरवायचं औषध आणावं तर ते सगळेच थर एकदम सोलतं. तेव्हा पुन्हा मोठी आईच पुढे आली. बहुधा तिला आपलं वाक्य टोचत असावं. म्हणाली, "भज्याची कढई कशानं निघते? तसंच हे."

पऱ्हाटीच्या जळणाची राख तिनं पाण्यात उकळली, त्यात धुण्याचा सोडा घातला, आणि ते गरम पाणी फडक्यानं बोनेटवर थापलं. पाऊण तासानं आमचा दसऱ्याचा हिरवा मऊ पडला, सायीसारखा. लाकडी उलथनं हलक्या हातानं फिरवलं की तो गोळा होऊन यायचा, आणि खालचे जुने थर जागेवर राहायचे. "कालेजात हे शिकवते काय?" तिनं विचारलं. खरं तर रसायनशास्त्रात शिकवलं होतं. मला ते तिथं आठवलं नाही.

दिवाळीची सुट्टी अशी गेली. दिवसभर आम्ही बोनेटवर वाकलेले. पितळी पट्टी मी एकट्यानं केली, दातांच्या ब्रशनं, एकेक आकडा. ती पहिल्याच दिवशी लख्ख झाली. बोनेटला मात्र वेळ लागला, कारण हिरव्याखालून हात वर यायला लागले, आणि हात आला की काम थांबायचं.

"हा पाह्य, हा चंदेरी. त्या साली दुकानात दुसरं काईच नोतं."

"हा कोनाचा? केवढा पंजा हाय!"

"मिस्त्री, तुमचाच हाय. ग्रीसचा डाग हाय ना अंगठ्याले."

एक लहानसा निळा हात आला. मोठी आईनं उलथनं खाली ठेवलं. करंगळी जरा बाहेरच्या बाजूला वळलेली होती. ती तिच्या मुलीची, माझ्या ताईची, जी आता धामणगाव बढ्याकडे सासरी असते. मोठी आईनं आपली बोटं त्या बोटांवर ठेवून पाहिली आणि म्हणाली, "केवढीशी होती. अन् आता फोनवर मलेच शिकवते." माझाही हात कुठेतरी असणार. मी रांगत असताना मोठेबाबांनी माझी मूठ उघडून उमटवला होता म्हणतात. तो सापडला नाही. दुसऱ्या कोणाच्या खाली असेल.

अळीच्या वर्षानंतरचे हात सगळ्यात वर होते, म्हणून सगळ्यात आधी आले. ते मोजायची कोणाची हिंमत झाली नाही. कोणता कोणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. त्यातले दोघं आता शहरात सिक्युरिटीच्या नोकरीत आहेत, एकजण सुरतेला गेला. त्यांचे हात इथं लाल रंगात.

सुट्टीच्या शेवटी हिरवा सगळा निघाला, आणि माझ्या मते खरं काम आता सुरू व्हायचं होतं. बोनेटच्या बाजूला, हातांच्या खाली, लष्कराचा शेवाळी रंग आणि पांढरा नंबर होता. मी साहेबांचं वाक्य धरून बसलो होतो. मूळ रंग दिसला पाहिजे. म्हटलं, "आता दुकानातलं औषध आणू. एका दिवसात खालपर्यंत जाऊ. सगळं बोनेट शेवाळी होईल, मग साहेबांना बोलायला जागाच नाही."

मोठेबाबा उठून बोनेटशी आले. मग नंबर जिथं होता तिथं त्यांनी वीतभर जागा खडूनं आखली.

"एवढं काढ. बाकी राहू दे."

"मोठेबाबा, एवढ्यानं नाही झालं तर?"

"नाई झालं तं नाई झालं."

"गाडी जाईल."

"बाबू, सगळे हात पुसून पास केली, तं थे कोनाची गाडी पास झाली? मिल्ट्रीवाल्याईची. थे तं कवाच सोडून गेले तिले."

मी चाचांकडे पाहिलं. इतके दिवस 'कंपनीचा बोल्ट' म्हणणारे चाचा माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. ते विडी शोधायला लागले. "भौची गाडी हाय," एवढंच म्हणाले.

मी वीतभर जागा काढली. तिथले तीन हात गेले. त्यातला एक मोठेबाबांचा होता, आणि ती जागा त्यांनीच आखली होती. खाली शेवाळी रंग, पांढरा बाण आणि आकडे, थोडे पुसट, पण वाचता येण्यासारखे. मग माझी सुट्टी संपली.

दुसऱ्या कॅम्पच्या दिवशी माझा पेपर होता. अमरावतीला कॉलेजच्या वर्गात बसून मी प्रश्नपत्रिका तीनदा वाचली आणि तीनही वेळा मला वीतभर चौकोनच दिसला. बाहेर आल्याबरोबर फोन लावला.

"काय म्हणाले साहेब?"

"पाह्यलं त्याईनं," मोठेबाबा म्हणाले.

"मग?"

"फोटो काढले. पट्टी पाह्यली. नंबर लिहून घेतला. मंग हात पाहून विचारलं, हे काय हाय? मी सांगतलं पोळ्याचं."

"त्यावर काय म्हणाले?"

"काई नाई. चहा पेले. म्हने कळवतो."

कळवतो. या शब्दावर मी तीन महिने काढले. सुरुवातीला रोज फोन करायचो. मग मोठेबाबांच्या आवाजातच ओझं जाणवायला लागलं, म्हणून आठवड्यातून एकदा. मग मी विचारणंच सोडलं. वाटलं, वाईट असेल तर त्यांना तोंडानं सांगावं लागू नये. हॉस्टेलच्या खोलीत मी मनातल्या मनात ती गाडी दोनदा भंगारात घातली, आणि दोन्ही वेळा दोष कोणाचा हेही ठरवून ठेवलं. औषध आणायला हवं होतं, यावर अडून बसायला हवं होतं. त्याआधी ब्रशच हातात घ्यायला नको होता.

फेब्रुवारीत एक दिवस दुपारी मेसच्या रांगेत उभा असताना चाचांचा फोन आला. चाचा मला कधी फोन करत नाहीत. माझ्या हातातलं ताट मी मागच्याला दिलं.

"बाबू, तती अमरावतीले जुन्या बाजारात जाशीन काय? कार्बोरेटरचं पॅकिंग पाहाचं होतं."

"कोणत्या गाडीचं, चाचा?"

"कोन्त्या म्हंजे? मिल्ट्रीचं. गळून राह्यलं ना."

"आधी ती पास तर होऊ द्या."

चाचा म्हणाले, "अबे, थे तं संक्रांतीच्या पयलेच झालं."

मी रांगेतून बाहेर आलो. चाचाच बोलत राहिले. त्यांना वाटलं मोठेबाबांनी कळवलं असेल. मोठेबाबांना वाटलं मोठी आईनं. आणि मोठी आई म्हणे, कालेजात हाय तो, त्याले मोबाईलवर आपल्या आधीच दिसलं असन, म्हणून तर फोन करनं बंद केलं त्यानं.

"कागदावर काय लिहिलंय, चाचा? वाचून दाखवा ना."

चाचांना छापील मराठी पटकन वाचता येत नाही. कागद त्यांच्याकडेच होता, फोटोकॉपी काढायला आणलेला. त्यांनी नातीला हाक मारली. तिनं शाळेत धडा वाचतात तसं, प्रत्येक शब्दावर थांबत वाचलं. इंजिन मूळ. सांगाडा मूळ. लष्करी क्रमांक व मूळ रंग बोनेटच्या उजव्या बाजूस दिसतो. बोनेटवर रंगीत हातांचे ठसे आहेत. वाहनाच्या रचनेत बदल नाही.

"रचनेत बदल नाई म्हंजे काय बे?" चाचांनी फोन परत घेत विचारलं.

"म्हणजे पास, चाचा."

"मंग थेच तं सांगून राह्यलो ना मी तुले."